आपत्काळचें देणें

संकटांत सांपडलेल्या मनुष्यास मदत करणें हें पुण्यकर्म आहे, असें आपण सर्वजण मानतों. परंतु पुण्यकर्म म्हटलें कीं तें करणें न करणें ज्याच्या त्याच्या इच्छेवर राहतें. एकादशीचा उपवास कोणी करतो, कोणी करीत नाहीं. न करणाऱ्यास कोणी जाब विचारीत नाहीं. बुडणाऱ्यास दोर टाकणें हेंही त्याच मालिकेंतलें आहे काय? ज्याच्या हातांत दोर होता आणि ज्यानें तो टाकला नाहीं, त्यास "तुझी इच्छा" एवढेंच म्हणून सोडून देतां येईल काय? आमच्या मतें येणार नाहीं. आपत्काळांतील मदत हें दान नव्हे. तें देणें आहे. हा भेद नीट ध्यानांत आला म्हणजे पुष्कळ गोष्टी उलगडतात, म्हणून ह्या लेखांत त्याचा विचार करण्याचें योजिलें आहे.

शेतकऱ्यास देणें म्हणजे काय हें समजावून सांगावयास नको. शेतसारा, सोसायटीचें कर्ज, सालगड्याचा पगार, हीं सर्व देणींच होत. दान किती, केव्हां व कोणास द्यावें हें देणारा ठरवितो. देण्याच्या बाबतींत ह्यांपैकीं कांहींच देणाऱ्याच्या मर्जीवर नसतें. दान घेणारा हात पसरतो. आपलें येणें घेणाऱ्यास मान खालीं घालण्याचें कारण नसतें. प्रत्येक देण्यास पांच कलमें असतात: येणेकरी कोण, देणेकरी कोण, रक्कम किती, मुदत कोणती, आणि पावती. महसूल खात्यांत आमचीं उमेदीचीं वर्षें वह्यांच्या संगतींत गेल्यामुळें आम्हांस हीच मांडणी सुचते. ह्याच कलमांनीं पुढील विवेचन करूं.

येणेकरी कोण

अडचण आणि आपत्ति ह्या दोन वेगळ्या वस्तु आहेत. सोयाबीनचा भाव पडला, लग्नकार्यास पैसा अपुरा पडला, ऐन पेरणींत बैल लंगडा झाला, ह्या अडचणी होत. त्यांत शेजाऱ्यानें मदत केली तर तो भला मनुष्य. न केली तर त्याजवर फारसा बोल येत नाहीं. आपत्तीचीं लक्षणें तीन. पहिलें, धोका जिवास अथवा जिवाइतक्याच मोलाच्या गोष्टीस असला पाहिजे. दुसरें, वेळ थोडा असला पाहिजे. उद्यां केलेली मदत ही मदत राहत नाहीं. तिसरें, सांपडलेल्या मनुष्यास स्वतःच्या बळावर सुटतां येत नसलें पाहिजे. रात्रीं मळ्यांत पाणी देतांना नाग चावला, ओढ्याच्या पुरांत गाडी अडकली, कोपीस आग लागली, ह्या प्रसंगीं तीनही लक्षणें एकत्र येतात. तीं आलीं कीं येणेकरी ठरला.

तो कोण, कोणत्या जातीचा, कोणत्या पक्षाचा, हा प्रश्न येथें उपस्थितच होत नाहीं. ज्याच्याशीं बांधावरून दिवाणींत दहा वर्षें दावा चालू आहे, त्यास रात्रीं सर्पदंश झाला आणि वस्तीवर जीप आपलीच एकटी आहे, असा प्रसंग येऊं शकतो. दाव्याची तारीख पुढें ढकलतां येते. विषाची ढकलतां येत नाहीं. जीप काढलीच पाहिजे. दुसऱ्या दिवशीं कोर्टांत उभें राहून आपली बाजू मांडण्यास त्यामुळें कोणतीही बाधा येत नाहीं.

त्याचप्रमाणें चूक कोणाची हेंही त्या घटकेस विचारूं नये. नको म्हटलें असतां पुलावरील पाण्यांत मोटारसायकल घालणारा तरुण मूर्ख खरा. पण मूर्खपणास बुडून मरण्याची शिक्षा कोणत्याही धर्मानें सांगितलेली नाहीं. आणि परका मनुष्यही येणेकरीच. ऊसतोडीच्या हंगामांत आपल्याच फडाच्या कडेस पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. त्यांतील मुलांबाळांचीं नांवें गांवच्या कोणत्याही यादींत नसतात. ज्याचें नांव यादींत नाहीं त्याची हांक सर्वांत उशिरां ऐकूं येते, म्हणून तिजकडे आधींच कान ठेविला पाहिजे.

देणेकरी कोण

ज्यास आपत्ति कळली, जो जवळ आहे, आणि ज्याच्याजवळ साधन आहे, तो देणेकरी. तीनही गोष्टी एकाच्याच ठिकाणीं असल्या तर प्रश्न सोपा असतो. कठीण प्रसंग गर्दीचा. रस्त्यावर अपघात झाला. भोंवतीं पन्नास माणसें जमलीं. प्रत्येकास वाटतें कीं दुसऱ्या कोणीं तरी फोन केला असेल. अशा रीतीनें देणें पन्नास जणांत वांटलें जाऊन नाहींसें होतें. येथें सामायिक खात्याचा नियम आठवावा. सामायिक खात्याचा सारा थकला तर "माझा हिस्सा मी भरला" असें म्हणून कोणाही एका खातेदाराची सुटका होत नाहीं. संपूर्ण बाकीस प्रत्येकजण जबाबदार असतो. गर्दींतील प्रत्येक मनुष्य असाच सामायिक खातेदार होय. दुसऱ्यानें भरलें आहे हें डोळ्यांनीं पाहीपर्यंत आपल्याकडे संपूर्ण बाकी आहे असेंच समजावें. १०८ वर दोन फोन गेले तर कांहीं बिघडत नाहीं. एकही न गेला तर मनुष्य जातो.

तेर हें संत गोरोबाकाकांचें गांव. काका चिखल तुडवीत असतां नामस्मरणांत देहभान विसरले आणि रांगत आलेलें स्वतःचें मूल पायांखालीं आलें, ही कथा येथील लहान मूलही जाणतें. त्या तल्लीनतेचा अधिकार मोठा. तिची उठाठेव करण्याची आमची योग्यता नाहीं. परंतु त्या कथेकडे बोट दाखवून आपल्या बहिरेपणास कोणी आधार शोधूं नये. काकांच्या कानांत विठ्ठलनाम भरलेलें होतें. आमच्या कानांत बहुधा आमचाच हिशेब भरलेला असतो: साक्षीस जावें लागेल, डिझेल जळेल, उद्यां मोड बांधायची आहे. त्या हिशेबापायीं पायांखालची किंकाळी ऐकूं आली नाहीं तर कोणता विठोबा येऊन तें मूल उठवील?

साक्षीची व पोलिसांची भीति मात्र पूर्वीं अगदींच निराधार नव्हती. म्हणून कायद्याची स्थिति सांगतों. समोर बुडणाऱ्या परक्या मनुष्यास वांचविलेंच पाहिजे असा सर्वसाधारण कायदा आपल्या देशांत नाहीं. फ्रान्स व जर्मनी ह्या देशांत मात्र स्वतःस धोका नसतां संकटांतील मनुष्यास मदत न करणें हा दंडनीय अपराध आहे. आपल्याकडे विशिष्ट माणसांवर तसा भार आहे. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाप्रमाणें अपघात झालेल्या वाहनाच्या चालकानें जखमीस उपचार मिळवून देण्याची तजवीज केली पाहिजे. प्रत्येक डॉक्टरानें, मग तो सरकारी असो वा खाजगी, जखमीस तातडीचा उपचार आधीं द्यावा, पोलिसांच्या कागदांसाठीं थांबूं नये, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९८९ सालीं दिला आहे. आणि मदत करणाऱ्यास त्रास होऊं नये म्हणून त्याच न्यायालयानें मार्च २०१६ मध्यें नियम घालून दिले, आणि २०१९ च्या दुरुस्तीनें तें संरक्षण अधिनियमांतच कलम १३४-अ म्हणून आलें. अपघातग्रस्तास सद्‌बुद्धीनें दवाखान्यांत पोंचविणाऱ्यावर त्याबद्दल दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाहीं, आणि आपलें नांव सांगण्याची त्यास सक्ति करतां येत नाहीं. तेव्हां "पोलिसांचें लचांड नको" ही सबब आतां उरलेली नाहीं.

रक्कम किती

देणें अमर्याद नसतें. आपल्यास जें सोसतां येईल तें, आणि समोरच्याचा जीव वांचावयास जें लागेल तें, ह्या दोहोंच्या मानानें रक्कम ठरते. एक रात्रीची झोंप, डिझेल, भिजलेले कपडे, मोडलेला दिवस, हें सर्व देण्यांत येतें. स्वतःचा जीव हा देण्यांत येत नाहीं. तो कोणी अर्पण केला तर तें देण्याच्या पलीकडचें आहे. १८९७ च्या प्लेगांत सावित्रीबाई फुले ह्यांनीं पुण्याजवळ मुंढव्याच्या एका आजारी मुलास पाठीवर घेऊन आपल्या पुत्राच्या, डॉक्टर यशवंतरावांच्या, दवाखान्यांत पोंचविलें. त्यांस स्वतःस प्लेग झाला व १० मार्च १८९७ रोजीं त्यांचा अंत झाला. हें आपण सर्वांकडून मागूं शकत नाहीं. परंतु ज्या काळीं जवळचे आप्तही रोग्यापासून पळत होते त्या काळीं एक सहासष्ट वर्षांची बाई परक्याचें मूल उचलूं शकली, ही आठवण असली म्हणजे आपली जीप काढण्यास जड जाणार नाहीं.

ह्याच कलमांत एक सावधगिरीची गोष्ट सांगणें अवश्य आहे, कारण तिच्या अज्ञानानें खेड्यांत घरेंच्या घरें बसतात. जुनें पेव, बंद पडलेली विहीर, गोबरगॅसचा खड्डा अथवा शौचालयाची टाकी ह्यांत उतरलेला मनुष्य एकाएकीं खालीं कोसळतो. त्यास काढावयास भाऊ उतरतो, तोही पडतो. मग बाप उतरतो. अशा ठिकाणीं प्राणवायु कमी व घातक वायु अधिक असतो, आणि कितीही धट्टाकट्टा मनुष्य कांहीं श्वासांतच बेशुद्ध होतो. पेवांत कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत आहे. कंदील विझला तर उतरूं नये हें खरें. पण तो जळत राहिला म्हणजे हवा निर्मळ आहे असेंही ठरत नाहीं, आणि गोबरगॅस किंवा शौचालयाच्या टाकीजवळ तर ज्योत नेणें म्हणजे भडक्यास बोलावणें होय. वरून वारा घालावा, फवारणीच्या अथवा धान्य उफणण्याच्या पंख्यानें हवा सोडावी, गळ टाकून काढतां येईल तर पाहावें, आणि अग्निशामक दळास तात्काळ बोलवावें. ज्याच्याजवळ श्वसनाचें साधन नाहीं त्यानें उतरूं नये, व उतरूं पाहणाऱ्यास धरून ठेवावें. पाय धरून ठेवणें हीही तेथें मदतच होय. विजेच्या बाबतींतही तसेंच: मोटारीपाशीं चिकटलेल्या मनुष्यास हात लावण्यापूर्वीं वीज तोडावी, मग त्यास ओढावें. सर्पदंशांत चिरा देणें, करकचून बांधणें, मांत्रिकाकडे नेणें ह्यांत अमोल वेळ जातो. दंश झालेला अवयव हलूं देऊं नये, रोग्यास चालवूं नये, आणि ज्या रुग्णालयांत सर्पविषावरील लस आहे तेथें थेट न्यावें. देणें भरावयाचें तें खऱ्या नाण्यानें. चुकीची मदत हें खोटें नाणें होय.

पाण्याचें देणें

सर्व आपत्ति एका क्षणांत येत नाहींत. अवर्षण ही पावलापावलानें येणारी आपत्ति आहे, आणि आपल्या मराठवाड्यास तिची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. १९७२ च्या दुष्काळांत महाराष्ट्रांतील कामांवर मजुरांची संख्या वाढत वाढत मे १९७३ मध्यें पन्नास लाखांच्या जवळपास गेली. खडी फोडून मिळालेल्या त्या पैशावर लोक जगले. पुढें वि. स. पागे ह्यांच्या प्रयत्नानें रोजगार हमीची योजना आली व १९७७ सालीं तिचा कायदा झाला. मागणी केल्यास पंधरा दिवसांत काम, नाहीं तर भत्ता, असें त्याचें स्वरूप होतें. ह्यांतील मर्म असें, कीं पूर्वीं दुष्काळी काम ही सरकारची कृपा होती. कायद्यानें ती सरकारवरील बाकी झाली. दानाचें देणें कसें होतें ह्याचें ह्याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

सरकारास जो न्याय तोच विहीरवाल्यासही. उन्हाळ्यांत गांवचा आड आटला, टँकर दोन दिवसांनीं येतो, आणि एका मळ्यांतील विंधन विहिरीस पाणी आहे. मालक म्हणतो, माझी द्राक्षबाग वाळेल. बाग वाळणें हें लहान नुकसान नव्हे. कर्ज काढून लावलेली बाग गेली तर घर उठतें. तरीही क्रम ठरलेला आहे: आधीं माणसांचें पिणें, मग जनावरांचें पिणें, मग झाडांचा जीव, आणि शेवटीं पीक. पिण्याच्या पाण्यास आपल्या राज्याच्या कायद्यानेंही अग्रक्रम दिलेला आहे. टंचाईंत जिल्हाधिकारी खाजगी विहिरी अधिग्रहण करतात व मालकास मोबदला मिळतो. हा मोबदला घेण्यांत कोणताही कमीपणा नाहीं. पाणी देणें हें मालकाकडील देणें, आणि त्याचें नुकसान सर्व गांवानें मिळून वांटून घेणें हें गांवाकडील देणें. एकाच्या बागेवर सर्व गांवानें तहान भागवावी आणि पाऊस पडल्यावर त्यास विसरून जावें, हा न्याय नव्हे.

एप्रिल २०१६ मध्यें शेजारच्या लातूर शहराची पाण्याची सोय संपली तेव्हां सुमारे साडेतीनशें किलोमीटरवरील मिरजेहून आगगाडीनें पाणी आलें. पहिल्या गाडीस दहा वाघिणी होत्या व त्यांत सुमारे पांच लक्ष लिटर पाणी होतें. कृष्णाकांठच्या लोकांनीं लातूरकरांचें तोंडही पाहिलें नव्हतें. आपलीं गांवें तर एकमेकांच्या शिवेस लागून आहेत.

मुदत कोणती

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटें, चार वाजण्याच्या सुमारास, किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशीं अनंत चतुर्दशी होती; गणपति बोळवून लोक उशिरां निजले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचा भार, अशीं तीं घरें निजलेल्यांवर बसलीं. लातूर जिल्ह्यांत किल्लारी व भोंवतालचीं गांवें, आणि आपल्या जिल्ह्यांत सास्तूर, होळी, राजेगांव हा टापू जमीनदोस्त झाला. सरकारी गणनेनें सुमारे आठ हजार माणसें गेलीं; अन्य गणना ह्याहून अधिक सांगतात.

ह्या आपत्तीनें मुदतीचे तीन धडे शिकविले. पहिला असा, कीं पहिले कांहीं तास हे शेजाऱ्याचे असतात. सैन्य आलें, सरकार आलें, देशोदेशींची मदत आली. परंतु त्यांस येण्यास वेळ लागणें अपरिहार्य होतें. ढिगाऱ्याखालील मनुष्य तोंपर्यंत थांबत नाहीं. उजाडण्यापूर्वीं जे हात माती उकरीत होते ते त्याच गल्लींतले, पुष्कळदां स्वतःचें माणूस गमावलेले, असे हात होते. म्हणून गांवांत पहारी, फावडीं, दोर व विजेऱ्या कोठें आहेत हें गांवासच ठाऊक असलें पाहिजे.

दुसरा धडा असा, कीं मुदत गेल्यावर अथवा मागणीवांचून आलेली मदत भार होते. पाहावयास आलेल्या लोकांच्या वाहनांनीं त्या टापूंतील रस्ते अडले, वर पाऊस लागला, आणि खरोखर कामाचे लोक मागें अडकले. जुन्या कपड्यांचे ढीग आले, ते कोणाच्या उपयोगाचे नव्हते. पाहावयास जाणें ही मदत नव्हे. काय पाहिजे हें विचारल्यावांचून पाठविणें म्हणजे आपलें अडगळीचें घर रिकामें करणें होय.

तिसरा धडा असा, कीं कांहीं देण्यांची मुदत लांब असते. पहिल्या महिन्यांत सर्वजण येतात. दुसऱ्या वर्षीं कोण येतो? भारतीय जैन संघटनेनें भूकंपग्रस्त टापूंतील १,२०० मुलें पुण्यास नेऊन त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. तें काम आठ दिवसांत संपणारें नव्हतें. मुलें शिकून मोठीं होईपर्यंत तें चालवावें लागलें. ज्याच्या घरीं कर्ता पुरुष गेला त्यास तेराव्यापर्यंत भाकरी पोंचविणें सोपें आहे. पुढल्या मृगांत त्याच्या रानांत पाभर कोण नेणार, हा खरा प्रश्न आहे.

पावती

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आपणांस ठाऊक आहे. ते बेदरच्या बादशहाचे अंमलदार. दुष्काळांत लोक अन्नावांचून मरूं लागले तेव्हां त्यांनीं सरकारी कोठार लोकांस मोकळें केलें. बादशहानें जाब विचारला. तेव्हां विठोबानें विठू महाराच्या वेषानें जाऊन धान्याचें मोल भरलें, अशी परंपरेची कथा आहे. कथेचा भक्तिभाव ज्यानें त्यानें घ्यावा. कारकुनाच्या नजरेस मात्र त्यांतील एक गोष्ट विशेष भरते: देवानें पैसे भरले आणि पावतीही घेतली! प्राण जात असतां कुलूप उघडावें हा धर्म खरा. पण उघडलेल्या कोठाराचा हिशेब चुकता करणें हाही धर्मच, आणि त्यांतून प्रत्यक्ष पांडुरंगही सुटला नाहीं.

पावतीचा हा धर्म आपल्याकडे दोन ठिकाणीं मोडतो. एक, वर्गणीच्या ठिकाणीं. आपत्तीच्या नांवानें पैसा गोळा होतो व त्याचा जमाखर्च कोणी मांडीत नाहीं. मग पुढल्या खेपेस लोकांचा हात आंखडतो, आणि भोगतो तो बिचारा पुढला आपद्‌ग्रस्त. दुसरें, पंचनाम्याच्या ठिकाणीं. पिकाचें नुकसान तेहतीस टक्के वा अधिक झालें असतां सरकारी मदत मिळते, हा नियम वाचकांस माहीत आहे. वीस टक्क्यांचे चाळीस लिहवून घेणें ह्यांत पुष्कळांस हुशारी वाटते. परंतु खोट्या नांवांनीं यादी फुगली म्हणजे तपासणी वाढते, फेरपंचनामे होतात, आणि ज्याची जमीन मातीसकट खरडून गेली त्याच्या हातांत रक्कम महिनोमहिने पडत नाहीं. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टींत आपल्या जिल्ह्यांतील भूम, परंडा ह्या तालुक्यांत पूर आले, छपरांवर चढलेल्या माणसांस हेलिकॉप्टरनें काढावें लागलें. अशा मनुष्याच्या पुढें खोटा अर्ज घेऊन उभें राहणें म्हणजे बुडणाऱ्याचा दोर आपण धरणें होय.

ह्याहून वाईट गोष्ट म्हणजे आपत्तींतून नफा काढणें. टंचाईंत कडब्याचा भाव दुप्पट करणें, टँकरचें पाणी चढ्या दरानें विकणें, पुरांत वाहून गेलेल्या शेतकऱ्याचें रान पडत्या किंमतीस लिहून घेणें, सवाई-दिढीनें धान्य देणें. कागद कितीही चोख असला तरी हा व्यवहार नव्हे. सौदा दोन मोकळ्या माणसांत होतो. ज्याचा गळा पाण्याखालीं आहे त्याची सही ही सही नव्हे. अशा वेळीं मदत करण्याचें सामर्थ्य नसेल तर निदान खरेदी करूं नये. एवढें देणें तर अगदीं गरीबासही भरतां येतें.

गांवची आपत्ति-वही

तहान लागल्यावर विहीर खणूं नये, हें आपण म्हणतों. करीत मात्र नाहीं. २००५ च्या आपत्ति व्यवस्थापन अधिनियमानें जिल्ह्यास अधिकार दिले आहेत. बचावासाठीं वाहनें व जागा ताब्यांत घेण्याचा व त्याचा मोबदला देण्याचाही त्यांत अधिकार आहे, आणि आपत्तीची खोटी आवई उठविणाऱ्यास शिक्षा आहे. परंतु जिल्ह्याचा अधिकार तेरणेच्या कांठच्या वस्तीवर पोंचेपर्यंत पाणी उंबऱ्यास लागलेलें असतें. तेव्हां आमची सूचना अशी, कीं आपल्या प्रत्येक शाखेनें मृगापूर्वींच्या सभेंत एक वही घालावी. एका पानावर साधनें: ट्रॅक्टर, जीप, जाड दोर, फुगविलेल्या ट्यूबा, डिझेल पंप, जनित्र, कोणाकडे आहेत. दुसऱ्या पानावर माणसें: पोहणारे, वायरमन, परिचारिका, आणि रात्रीं हांक मारल्यास उठणारे. तिसऱ्या पानावर ज्यांस आधीं काढावें लागेल ते: नदीकांठच्या शेतवस्त्या, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या, अंध, पांगळे, बाळंतिणी, आणि हंगामांत ऊसतोडीच्या कोप्या. चौथ्या पानावर कोणीं काय दिलें, किती झिजलें, व गांवानें तें कसें भरून दिलें. प्रत्येक वस्तीस दोन नांवें नेमून द्यावीं. एक नेमल्यास तो नेमका गांवीं नसतो. १०८ व ११२ हे दोन आंकडे पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहावे. वही देवळांत अथवा चावडींत उघडी असावी, म्हणजे कोणासही वाचतां येईल.

हें अशक्य आहे असें कोणी म्हणूं नये. चैत्र वद्यांत गोरोबाकाकांच्या यात्रेस दिंड्या येतात तेव्हां कोणाच्या वाड्यांत कोण उतरणार, पाणी कोणाच्या विहिरीचें, पंगत कोणाची, हें सर्व ठरलेलें असतें आणि कोणासही तें ओझें वाटत नाहीं. आपले वडील इर्जिक घालीत. एकाच्या रानांत दहांचे बैल उतरत आणि सायंकाळीं पेरणी उरकलेली असे. तेथें कोणी दान करीत नसे व कोणी याचना करीत नसे. प्रत्येकाची पाळी येणार हें प्रत्येकास ठाऊक असे. आपत्तीची पाळी कोणत्या दारीं केव्हां येईल हें मात्र कोणत्याच पंचांगांत लिहिलेलें नसतें. म्हणून त्या इर्जिकेचे बैल आधींच जोडून ठेविले पाहिजेत.

येत्या मृगापूर्वीं ज्या शाखा अशी वही घालतील त्यांनीं तिची नक्कल ह्या मासिकाकडे पाठवावी, म्हणजे इतर गांवांस ती पाहावयास मिळेल.